‘द ब्राइड वॉज अ बॉय’: काही महिने हाताशी ठेवल्यावर

ची या टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या जपानी ट्रान्स स्त्रीचं, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रीचं, हे मांगा (जपानी चित्रकथा) रूपातलं आत्मकथन. मूळ जपानी पुस्तक २०१६चं, सेव्हन सीज प्रकाशनाची इंग्रजी आवृत्ती २०१८ची. एका खंडात संपतं. पहिल्या वाचनात लक्षात राहतो तो नवरा आणि दोघांचा गोडवा. पुढे पुन्हापुन्हा उघडली जातात ती मात्र मधली माहितीची पानं आणि लग्नाआधीची कागदपत्रांची उठाठेव.

ही उठाठेव नीट कळायला जपानचा कायदा ठाऊक हवा. २००३ साली मंजूर होऊन जुलै २००४पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कागदोपत्री लिंगनोंद बदलायला कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागतो. किमान दोन डॉक्टरांचं निदान, अर्जदार सज्ञान आणि अविवाहित, अल्पवयीन मूल नको, पुस्तकाच्या काळी प्रजननक्षमताही राहिलेली नको, शिवाय शरीराच्या बाह्य रूपाचीही अट. ‘अविवाहित’ का, तर जपानमध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही. लग्न टिकवून एकाची नोंद बदलली, तर कागदावर तसाच विवाह उभा राहतो. म्हणूनच इथला क्रम ठरलेला आहे: आधी थायलंडमधली शस्त्रक्रिया, मग कोसेकी म्हणजे कुटुंबनोंदवहीतला बदल, आणि त्यानंतर लग्न. कोसेकीत अपत्याची नोंद ‘थोरला मुलगा’, ‘थोरली मुलगी’ अशी होते, त्यामुळे हा बदल एका अक्षराचा नसून घरातल्या नात्याचा असतो. गोड प्रेमकथेचा खरा कणा इथे आहे.

पुस्तक जुनं झालंय तेही इथेच. २०२२मध्ये वयाची अट २०वरून १८वर आली. २५ ऑक्टोबर २०२३ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रजननक्षमतेची अट घटनाबाह्य ठरवली. (त्याच्या आठच दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, पण स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली लग्नाचा हक्क आहे, हेही सांगितलं.) तेव्हा अटींची पानं २०१६च्या चष्म्यातूनच वाचावीत. परिभाषेची पानंही त्याच काळातली आहेत. कुणाला समजावून सांगताना तिथले शब्द जसेच्या तसे उचलू नयेत.

वैद्यकीय मार्गदर्शक म्हणून मात्र हे घेऊच नका. मोठेपणी घेतलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही, त्याला वेगळा सराव लागतो. योनीनिर्मितीच्या शस्त्रक्रियेनंतर डायलेशन (योनीमार्ग आकसू नये म्हणून साधनाने रुंद ठेवणं) कित्येक महिने नेमाने करावं लागतं. चार चौकटींच्या विनोदी पट्टीत हे सगळं सविस्तर मावणार कसं? शिवाय इथलं घर समजूतदार आहे, नवरा तर फारच. सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही, आणि पुस्तक त्या बाजूला फारसं रेंगाळत नाही.

वाचण्याची रीत उजवीकडून डावीकडे. पानावर दोन पट्ट्या असल्या तर उजवीकडची वरून खाली पूर्ण करा, मगच डावीकडची. आडवं वाचत गेलात तर विनोदाचा शेवट आधीच कळून बसतो. फोनवर अख्खं पान घेतलं तर चौकटीतली बारीक अक्षरं लागत नाहीत आणि माहितीच्या पानांवर तर सारखं झूम करत बसावं लागतं. टॅबलेट नसेल तर सरळ छापील प्रत घ्यावी.