संध्याकाळची खा-खा नोंदवायचं ॲप, ६ आठवडे वापरून मग लिहितेय

संध्याकाळचे सहा वाजले की मला काहीतरी तोंडात टाकायला लागायचंच. भूक म्हणावी तर जेवण नको असायचं, हवं असायचं ते कुरकुरीत नाहीतर गोड, आणि ते पण उभ्या उभ्या डब्यात हात घालून, मग रात्री जेवायला बसलं की पोट भरलेलं आणि मन खट्टू. इतकी वर्षं मी याला माझा मनावर ताबा नाही असंच समजत आले.

ॲप तसं साधं आहे. खावंसं वाटलं की उघडायचं, ते विचारतं शेवटचं पोटभर कधी खाल्लं, काल किती तास झोप झाली, आत्ता काहीही चालेल की ठराविक एकच गोष्ट हवीय. मग १५ मिनिटांचा टायमर लागतो आणि त्यानंतरही खायचं असेल तर खा म्हणतं, अडवत नाही. हे मला फार पटलं, कारण इच्छा लाटेसारखी असते, चढते आणि बऱ्याचदा आपणहून ओसरते, पण नाही म्हटलं की डोक्यात तेच तेच फिरत राहतं. त्या १५ मिनिटांत मी खाली चक्कर मारून यायचे.

खरा फायदा तिसऱ्या आठवड्यात कळला. एका गुरुवारची नोंद अशी होती, दुपारी मीटिंगमुळे दोन घास, झोप ५ तास, ६ वाजून १० मिनिटांनी बिस्किटांचा अख्खा पुडा. मग मागचे दिवस बघत गेले तर वाईट संध्याकाळ म्हटली की जवळपास प्रत्येक वेळी दुपारचं जेवण अर्धवट नाहीतर रात्रीचं जागरण! माझी संध्याकाळ दुपारीच बिघडत होती हो, आणि मी मात्र स्वतःला दोष देत बसले होते.

माहितीचा भाग पण चांगलाय. २००४ च्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तर १० तासांच्या झोपेच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के कमी निघालं. शिवाय शरीराच्या घड्याळाप्रमाणे भूक रात्री ८ च्या सुमाराला सगळ्यात जास्त असते आणि सकाळी सगळ्यात कमी, हे वाचून मला खरंच हायसं वाटलं. आता दुपारी डाळ, अंडं, दही असं काहीतरी प्रोटीनचं घेतेच आणि ५ वाजता ठरवून, बसून, ताटलीत घेऊन खाते.

आता तक्रारी. एक दिवस नोंद राहिली की सगळी साखळी तुटते आणि लाल खूण येते, ज्याला आधीच अपराधी वाटतंय त्याला हे कशाला दाखवायचं? आणि रात्री ९ ला रेसिपीचा फोटो असलेलं नोटिफिकेशन, हे तर अगदी चुकीचं, फोटो बघूनच तर इच्छा जागी होते, ते पहिल्याच दिवशी बंद करा. अजून एक, ज्यांना रात्री झोपेतून उठून खावं लागतं किंवा खाताना थांबताच येत नाही त्यांनी डॉक्टरांना दाखवावं हे ॲपने ठळक सांगायला हवं होतं, कुठेच नाही.

पैसे भरून मिळणारा भाग महिनाभर घेऊन बघितला, त्यात रेसिपीच आहेत. नोंदी आणि टायमर फुकटात मिळतात, मी आता तेवढंच वापरतेय.