कडेने जावं की लेन धरून? सायकलने रोज जायचं ठरवताना

मी सायकल चालवते आणि मोटारही. आठवड्यातले तीन-चार दिवस सायकल, उरलेले दिवस गाडी. त्यामुळे दोन्हीकडची चिडचिड मला चांगली माहीत आहे. सायकलवर असताना एखादा आरसा कोपराला चाटून गेला की छातीत धस्स होतं आणि पुढचे दोन चौक हँडल घट्ट आवळलेलंच राहतं. गाडीत असताना पुढे संथ सायकल आणि मागे हॉर्नवर हॉर्न, मग पाय आपोआप ॲक्सिलरेटरकडे जातो, हेही मी अनुभवलं आहे. तीच मी, तोच रस्ता, फक्त बसायची जागा वेगळी. 'सायकलवाले बेशिस्त' आणि 'मोटारवाले माजलेले' या भांडणात म्हणूनच मला फार तथ्य वाटत नाही. वेगात फरक किती आणि रस्ता रुंद किती, एवढं पाहिलं तर बहुतेक भांडणांचं मूळ सापडतं. तुम्ही रोज सायकलने जायचा विचार करत असाल, तर कुठून आणि कसं जायचं हे याच दोन गोष्टींवर ठरवा.

कड की लेनचा मध्य?

नवा सायकलस्वार रस्त्याच्या अगदी कडेला जातो. आपण हळू आहोत, कोणाच्या वाटेत यायला नको, ही त्यामागची सभ्यता. पण जरा मोजून बघा. हँडल साधारण 60 सेंटिमीटर रुंद असतं आणि चालताना सायकल थोडी डोलते, म्हणून तिला मीटरभर जागा धरायची. कडेला जाळ्या, झाकणं, खडी, काचा असतात, तिथून अर्धा मीटर लांब राहावंच लागतं. गाडी आरशांसकट जवळजवळ 2 मीटर. दोघांच्या मध्ये सुरक्षित अंतर दीड मीटर. बेरीज 5 मीटर झाली. शहरातली लेन असते 3 ते साडेतीन मीटर. म्हणजे तुम्ही कितीही अंग चोरलं तरी त्या लेनमधून गाडी नीट पुढे जाऊच शकत नाही. तिला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. कडेला चिकटून तुम्ही गाडीवाल्याला जागा दिलेली नसते, 'जागा आहे' असा भास तेवढा दिलेला असतो. तो त्या भासावर विश्वास ठेवतो आणि कट मारून जातो.

लेनच्या मध्यातून गेलात तर हा भास उरत नाही. मागच्याला कळतं की आता शेजारची लेन मोकळी होईपर्यंत थांबायचं. तुम्ही पुढच्या गाडीच्या आरशांत आणि पुढून वळणाऱ्याच्या नजरेतही लवकर येता. ब्रिटनच्या रस्ता-नियमांत जानेवारी 2022 मध्ये बदल झाले, तेव्हा शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून जावं असा स्पष्ट सल्ला त्यात आला. गाडीने किमान दीड मीटर अंतर ठेवून पुढे जावं, हेही तिथेच लिहिलं गेलं. जर्मनीने 2020 मध्ये शहरातल्या रस्त्यांसाठी दीड मीटरचं अंतर कायद्यातच घातलं.

इथे एक अडचण आहे आणि ती मला लपवायची नाही. इयन वॉकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये स्वतःच्या सायकलवर अंतर मोजणारं यंत्र बसवून दोन हजारांहून जास्त गाड्यांची नोंद केली. त्यात दिसलं की तो कडेपासून जितका आत सरकला, तितक्या गाड्या जवळून गेल्या. मग मध्यातून जाण्यात अर्थ काय? मी यातून असं समजते की, अर्धवट सरकणं हेच सगळ्यात वाईट. कडेपासून मीटरभर आत आलात तरी गाडी घुसेल एवढी फट राहते, आणि त्या फटीत आता तुमचा वाटा जास्त असतो. घ्यायची तर पूर्ण लेन घ्या, नाहीतर ती वाटच बदला.

मध्यातून जाण्याची किंमत आहेच, आणि ती तुम्ही सोसता. मागे हॉर्न वाजतात, काच खाली करून कोणीतरी ओरडतं. पहिले काही दिवस मला घरी पोचल्यावरही ते ऐकू यायचं. त्या माणसाचं नेमकं किती नुकसान झालं, हे मग एकदा कागदावर मांडून पाहिलं. 200 मीटर अंतर सायकलमागे ताशी 15 किलोमीटरने कापायला 48 सेकंद लागतात. ताशी 40 ने तेच अंतर 18 सेकंदांत जातं. फरक अर्ध्या मिनिटाचा, आणि पुढच्या सिग्नलला तो बहुतेक वेळा भरूनही निघतो. पण त्या अर्ध्या मिनिटात चालवणाऱ्याला वाटतं की आपल्याला अडवलंय. ते वाटणं खरं असतं, म्हणून मी ते उडवून लावत नाही. मागे तीन-चार गाड्या साचल्या आणि कडेला सुरक्षित जागा दिसली की मी बाजूला होते, हाताने खूण करून साइड देते. दोनदा पाय टेकावा लागतो, पण त्याने रस्त्यावरचं वातावरण बदलतं.

मध्य कुठे घेऊ नये? चढावर, जिथे तुमचा वेग ताशी 8-10 वर येतो. मुळातच रुंद असलेल्या रस्त्यावर. आणि जिथे गाड्या 60 ने धावतात तिथे तर अजिबात नाही. तिथे कड आणि मध्य हा प्रश्नच चुकीचा आहे, तो रस्ताच सोडायचा.

रंगवलेला पट्टा आणि खरा स्वतंत्र मार्ग

नकाशावर दोन्ही 'सायकल मार्ग' म्हणूनच दिसतात. प्रत्यक्षात मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रंगवलेला पट्टा म्हणजे रस्त्यावर मारलेली पांढरी रेघ. गाडीवाल्याला वाटतं की रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे सायकल, झालं. मग तो माणसापासून किती लांब आहे हे बघणं सोडतो आणि रेघ बघून चालवतो. मेलबर्नमध्ये केलेलं एक मोजमाप 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. पट्टा असलेल्या रस्त्यांवर गाड्या सायकलच्या आणखी जवळून जातात, असंच त्यात आढळलं. आणि पट्ट्याशेजारी गाड्या उभ्या असतील तर दुसरीच भीती उभी राहते.

तो प्रसंग माझ्यावर आलेला आहे. उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून, अगदी पट्ट्याच्या आतून, शिस्तीत चालले होते. पुढच्या गाडीत माणूस बसलेला दिसला नाही आणि दार उघडलं. ब्रेक दाबला, पुढचं चाक वळलं, दाराची कड बोटांच्या सांध्यांवर बसली आणि मी रेघेच्या बाहेर, चालत्या लेनमध्ये पडले. मागची गाडी लांब होती म्हणून आज हे लिहिते आहे. दार उघडणारा माणूस हादरून गेला होता, माझ्यापेक्षा त्याचेच हात जास्त थरथरत होते. चूक त्याची होतीच, पण पट्टा ज्याने तिथे आखला त्याची जास्त. दार पूर्ण उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. त्या मीटरभरातच पट्टा आखायचा आणि 'इथून जा' म्हणायचं, हे माणसाला सापळ्यात पाठवणं आहे. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांबूनच जाते, मग तो पट्टा सोडावा लागला तरी चालेल. आणि गाडीत असताना दार नेहमी लांबच्या हाताने उघडते. उजवीकडे बसला असाल तर डाव्या हाताने. त्याने खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे, आणि ब्रिटनच्या 2022 च्या नियमांतही ती आली.

खरा स्वतंत्र मार्ग म्हणजे मध्ये काहीतरी ठोस हवं: उंचवटा, झाडांची ओळ, खांब, किंवा उभ्या गाड्याच. न्यूयॉर्कमध्ये 2007 साली नाइन्थ ॲव्हेन्यूवर हेच केलं. पार्किंग आत सरकवलं आणि सायकल मार्ग पदपथ आणि उभ्या गाड्यांच्या मध्ये घेतला. ज्या गाड्यांची भीती वाटायची त्याच आता भिंत झाल्या. दारासाठी मध्ये जागा सोडली, हे महत्त्वाचं. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने 2006 नंतरच्या मोजक्या वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचं सलग, वेगळं केलेलं जाळं उभारलं. मला त्यातला 'सलग' हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तुकड्यातुकड्यांनी बांधलेला मार्ग तुम्हाला नेमका गर्दीच्या चौकाच्या तोंडाशी आणून सोडतो. नवखा माणूस तिथूनच परत फिरतो आणि पुन्हा सायकलला हात लावत नाही.

तेव्हा निवड करायची असेल तर माझा क्रम असा आहे. सलग स्वतंत्र मार्ग मिळाला तर एक-दोन किलोमीटरचा वळसा घालूनही तोच घ्यावा. रंगवलेला पट्टा आणि साधा शांत रस्ता यांत शांत रस्ता बरा. पट्टा आहे म्हणून वेगवान रस्ता निवडू नये.

30 आणि 50

वेगाचा फरक आकड्यांत बघितला की डोळे उघडतात. समोर अचानक कोणी आलं, तर चालवणाऱ्याला ब्रेक दाबायलाच साधारण एक सेकंद जातो. ताशी 50 च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ 14 मीटर पुढे जाते. ताशी 30 च्या गाडीला कोरड्या रस्त्यावर, तो सेकंद धरून, पूर्ण थांबायला सुमारे 13 मीटर लागतात. म्हणजे 30 ची गाडी जिथे उभी राहिली, तिथे 50 च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण वेगात आदळते, आणि त्या धडकेतली ऊर्जा 30 च्या वेगातल्या ऊर्जेच्या पावणेतीन पटींहून जास्त असते.

नेदरलँड्समधल्या रस्ते-आखणीचा ढोबळ नियम यावरच उभा आहे: 30 पर्यंत सायकल आणि मोटार एकत्र चालतील, 50 असेल तर वेगळं करा. तिथे काही रस्ते लाल डांबराचे असतात, त्यांवर पाटी असते, 'मोटार इथे पाहुणी'. पॅरिसने ऑगस्ट 2021 पासून बहुतेक रस्त्यांवर 30 ची मर्यादा आणली, ॲमस्टरडॅमने डिसेंबर 2023 मध्ये.

मार्ग निवडताना पाटीवरचा आकडा मात्र पुरत नाही. गाड्या खरंच किती वेगाने जातात ते बघा. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर 30 ची पाटी लावली तरी पाय खालीच जातो. अरुंद, वळणाच्या, झाडांच्या रस्त्यावर पाटी नसली तरी गाड्या हळू चालतात. आतल्या गल्ल्यांचा मार्ग लांब पडतो, वळणं जास्त, हे खरंच. पण अंगावर ताण घेऊन पोचण्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा पोचणं मला परवडतं. रोज जायचं आहे ना, एक दिवस नाही.

चौक

चौकात कोणताच पर्याय पूर्ण सुरक्षित नाही. स्वतंत्र मार्गावरून येणारी सायकल वळणाऱ्या गाडीला अचानक दिसते, कारण तोवर ती झाडांमागे किंवा उभ्या गाड्यांमागे असते. चांगल्या आखणीत सायकलचा मार्ग चौकात गाडीभर मागे घेतलेला असतो. म्हणजे गाडी आधी वळते, सरळ होते आणि मग सायकल तिला समोर दिसते. असं नसेल तर स्वतंत्र मार्ग सोडून चौकाआधीच लेनमध्ये, गाडीच्या मागे उभं राहणं मी पसंत करते.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. सिग्नलला उभ्या ट्रक किंवा बसच्या कडेच्या बाजूने, फटीतून पुढे सरकू नका. उंच केबिनमधून तो कोपरा चालकाला दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून, कडेला घासत येतात. इंडिकेटर चालू नसला तरी मागेच थांबा.

आणि सिग्नल तोडणं

मोटारवाल्यांची ही तक्रार खरी आहे. रॉंग साइडने येणं, रात्री दिव्याशिवाय येणं, याही खऱ्या. गाडी चालवताना अंधारातून बिनदिव्याची सायकल समोर आली की पोटात गोळा येतो, कारण तिला काही झालं तर आयुष्यभर ते माझ्या मनावर राहणार. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने 1982 मध्ये सायकलला 'थांबा' अशा पाटीपाशी पूर्ण न थांबता, वेग कमी करून, वाट देऊन पुढे जायची मुभा दिली. असा कायदा असेल तर प्रश्न वेगळा. नसेल तर थांबा. तुम्ही लाल दिव्याला थांबलेलं मागच्या गाडीवाल्याला दिसलं, की पुढच्या लेनमध्ये तुम्ही मध्यातून निघाल्यावर त्याचा हात हॉर्नवर जरा उशिरा जातो. हा माझा रोजचा अनुभव आहे.

निर्णय घेण्याआधी एक करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन्ही मार्गांवरून एकदा जाऊन या, आणि मग कामाच्या दिवशी, ज्या वेळेला निघायचं त्याच वेळेला, पुन्हा एकदा. पहिल्या फेरीत खड्डे, जाळ्या, उभ्या गाड्यांच्या रांगा कळतील. दुसऱ्या फेरीत कोणत्या वळणावर खांदे आवळले गेले ते लक्षात ठेवा. मी माझा पहिला मार्ग अशाच एका वळणामुळे सोडला. आता रोज शाळेमागच्या गल्लीतून जाते. तिथे तीन गतिरोधक आहेत आणि गाड्या माझ्याच वेगाने चालतात.