ट्यूब की ट्यूबलेस? आडरानातल्या लांब बाइक राइडसाठी

डांबरी रस्त्यावर हा वादच नाही, ट्यूबलेस जिंकतं. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी एकदम लटपटत नाही. चाक न काढता भोक रीमरने (खरखरीत टोच्याने) साफ करायचं, चिकट पट्टी आत दाबायची, बाहेरचं टोक कापायचं, हवा भरायची. दहा-पंधरा मिनिटांत गाडी रस्त्याला.

ट्यूबचं पंक्चर म्हणजे घाम काढणारं काम. चाक उतरवा, टायरची कड रिमपासून सोडवा, लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने, टायर उचला. खरी गोम पुढे आहे: टायर परत बसवताना लिव्हरच्या टोकाखाली नवी ट्यूब चिमटली की सगळं पहिल्यापासून. म्हणून ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला आकार द्यावा आणि शेवटची वीतभर कड घाई न करता बसवावी.

मग आडरानात ट्यूब कशाला? दगडावर आपटून कास्ट अलॉय (एकसंध ओतीव धातूच्या) रिमची कड वाकली किंवा तडकली, की ट्यूबलेसची हवा तिथूनच निसटते. स्पोकचं चाक मार सोसतं आणि थोडं वाकलं तरी ट्यूब हवा धरून ठेवते. ट्यूबलेस स्पोक चाकंही मिळतात, पण महाग.

माझं मत? रस्ता जास्त असेल तर ट्यूबलेस, पण सामानात एक ट्यूब आणि लिव्हर हवेतच. टायरची बाजू फाटली तर पट्टी टिकत नाही. दगडधोंडेच जास्त असतील तर ट्यूब. एकच सुटी ट्यूब मावत असेल तर पुढच्या २१ इंची चाकाची घ्या, अडीअडचणीला ती मागच्या १८ इंचीतही चालते. आणि पंप हाताचाच, हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या संपतात.