फर्स्ट एड किट: रेडीमेड पाऊच की घरचा डबा?

आम्ही सांगलीचे, त्यामुळे जून लागला की घरात दोन गोष्टींची उजळणी होते, कागदपत्रांची पिशवी माळ्यावर गेली का आणि औषधांचं काय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५) तेव्हा आमच्याकडे किट वगैरे काही नव्हतं, फ्रीजवर एका वाडग्यात अर्धवट स्ट्रिपा आणि एक सुकलेलं मलम. त्यानंतर आधी रेडीमेड घेतलं, आता घरचा डबा आहे. दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो.

रेडीमेडला नावं ठेवणार नाही. एका झटक्यात काम होतं आणि त्यात ग्लोव्हज, हात गळ्यात अडकवायला लागतं ते तिकोनी कापड, सेफ्टी पिना असं सगळं येतं, जे आपण स्वतः यादी करताना हमखास विसरतो. गाडीत टाकायला तर पाऊचच बरा.

माझं बिनसलं ते रीफिलवर. आत प्रत्येक वस्तूला मापाचा कप्पा, इलॅस्टिकचा पट्टा, दिसायला झकास. शेजारच्या पोराचा गुडघा फुटला तेव्हा बेटाडिनची इवलीशी बाटली संपली, मेडिकलमधून नवी आणली तर ती पट्ट्यात बसेना. आईचा घोटा मुरगळला, त्यातलं क्रेप बँडेज एवढंसं अरुंद, दोन वेढ्यांत संपलं, मग १० सेंटीमीटरचं आणलं, ते आत कोंबलं की चेन लागेना. चेन लागेना म्हणून बँडेज ड्रॉवरमध्ये, बाटली बाथरूमच्या खिडकीत, आणि कात्री (ती तशीही गॉज कापत नव्हती, चावत होती) दुधाच्या पिशव्या कापायला ओट्यावर. २०२१ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं, लाइट गेलेली, सामान वर नेताना पत्र्याने माझा तळहात कापला, तर पाऊचमध्ये निघाल्या फक्त चिकटपट्ट्या, त्याही ओल लागून गोंद गेलेल्या. मी हातावर पंचा दाबून जिन्यात बसलोय आणि बायको टॉर्च घेऊन घरभर बाटली शोधतीये! वस्तू सगळ्या घरातच होत्या हो, एका जागी नव्हत्या.

आता रव्या-पोह्यासाठी मिळतो तसला रबरी रिंगचा पारदर्शक डबा घेतलाय, पाचेक लिटरचा. पाणी जात नाही, बाहेरून दिसतं काय संपलंय ते, आणि कुठल्याही मापाची बाटली आणा, मावते. शिवाय आईच्या बीपीच्या गोळ्या सात दिवसांच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स त्यात आहे, पूर आला की खरी पंचाईत या गोळ्यांचीच होते आणि त्या काही रेडीमेड किटमध्ये येत नाहीत.

डब्याचा त्रास एकच, तो भरत राहावा लागतो. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो आणि एक्सपायरी नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते, म्हणून मी पूर्ण स्ट्रिपच घेतो आणि झाकणाला आतून कागद चिकटवून तारखा लिहितो. जूनच्या पहिल्या रविवारी तपासायचं असं ठरलंय, मागच्या वर्षी विसरलो ते सोडा. पैशाचं म्हणाल तर पहिल्यांदा दोन्हीला जवळपास सारखेच गेले.

एकटे भाड्याने राहत असाल, फार झंझट नको असेल तर खुशाल पाऊच घ्या, काहीच नसण्यापेक्षा लाख पटीने बरा. घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर मी तरी डबाच म्हणेन, अर्थात तुमचं तुम्ही बघा. आमचा जुना पाऊच गाडीत आहे, ग्लोव्हज आणि तिकोनी कापडासकट.

आणि हो, ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं, थोडं थोडं ग्लासात नाही. पाकिटं मोजून ठेवा, आमच्याकडे पोरं सरबत म्हणून ढापतात.