डाळमिलच्या हवेच्या लाइनीसाठी जीआय पाइप की अ‍ॅल्युमिनियम?

जळगावच्या डाळमिलमध्ये कॉम्प्रेसरचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून खराब दाणे वेगळे करणारं मशीन. त्याच्या इजेक्टरना (हवेच्या फुंकरीने खराब दाणे उडवणाऱ्या झडपांना) कोरडी, स्वच्छ हवा लागते आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, तिथेच मार खातो. आटे पाडताना जस्त निघतं, ओलावा तिथूनच गंज धरतो, खपल्या फिल्टरमध्ये उतरतात. जॉइंटही कालांतराने गळू लागतात. 7 बार दाबाला 3 मिमीचं एक भोक सुमारे 20 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं, म्हणजे जवळपास 5 एचपीची वीज फुकट.

तरी जीआय स्वस्त, धक्का सोसणारा, आणि दुरुस्तीला गावातला प्लंबरही चालतो.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, ओ-रिंगच्या (रबरी कड्याच्या) फिटिंगने झटपट जोडला जातो, मशीन हलवलं तर लाइनही हलवता येते. पण पाइप कापल्यावर धार घासली नाही तर ओ-रिंग चिरते. शिवाय खानदेशातला उन्हाळा! पत्र्याखालच्या 50 मीटर लाइनीत तापमान 30 अंशांनी बदललं तर अ‍ॅल्युमिनियम सुमारे 35 मिमी वाढतो, जीआय 18. त्यामुळे क्लॅम्प सरकते ठेवा, वळणाजवळ मोकळीक द्या.

सॉर्टेक्स असेल तर अ‍ॅल्युमिनियमच घ्यावा, नुसती बॅग-शिलाई नि सिलिंडर असतील तर जीआय पुरे. पाइप कोणताही असो, 100 मीटरला 1 मीटर उतार पाणी काढायच्या ड्रेनकडे, मशीनकडे खाली येणारा फाटा मुख्य लाइनीच्या वरच्या बाजूने, आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी फ्लेक्सिबल होज.

गावात पीव्हीसी पाइप मुबलक मिळतो म्हणून तो मात्र लावू नका. दाबाची हवा भरलेला पीव्हीसी फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.