ऊस वाहतुकीत डिफरन्शियल लॉक : हंगामभराच्या वापरानंतर

परतीचा पाऊस लांबला की गळीत सुरू झालं तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले भागातल्या काळ्या रानात वाफसा आलेला नसतो. तोड मात्र थांबत नाही. फडातून भरलेली ट्रॉली पाणंदीला काढताना ५० एचपीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची सगळी भिस्त डिफरन्शियल लॉकवर, म्हणजे डिफ लॉकवर असते. हंगामभर वापरल्यावर मत पक्कं झालंय : लॉक कामाचा आहे, पण तो रुतायच्या आधी लावायचा.

साधा डिफरन्शियल (मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) दोन्ही मागच्या चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक सरीतल्या राड्यात गेलं की त्याला फिरायला नगण्य जोर पुरतो, आणि टणक जागेवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. म्हणून कितीही रेस केली तरी ट्रॅक्टर हलत नाही, घसरणारं चाक खड्डा करत राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि टणक जागेवरचं चाक ओढ घेतं.

ओला पट्टा दिसला की अलीकडेच थांबा. लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर टाका, हाताच्या लिव्हरने रेस पंधराशेच्या आसपास धरा. क्लच दाबलेला असतानाच लॉकचं पेडल दाबा (बहुतेक मॉडेलांत ते उजव्या टाचेजवळ असतं) आणि क्लच हळू सोडा. पेडल पूर्ण खाली गेलं नाही तर दात समोरासमोर आलेत. ट्रॅक्टर वीतभर सरकला की खट्‌कन बसतं. चाक गरगर फिरत असताना पेडलवर पाय देणं हे लॉक मोडायचं सगळ्यात मोठं कारण. दात तुटले की हाऊसिंग (मागच्या अॅक्सलचं कवच) उघडावं लागतं, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते.

लॉक लावून वळू नका. ट्रॅक्टर सरळच रेटतो, पुढची चाकं नुसती घसरतात आणि हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) ताण येतो. पेडल सोडूनही लॉक सुटत नसेल तर तो ताणाखाली अडकलेला असतो : क्लच दाबा, थोडं मागे-पुढे करा. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी तो सुटल्याची खात्री करा आणि दोन्ही ब्रेक पेडलं जोडून घ्या. लॉक नसेल किंवा बिघडला असेल तर घसरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलका दाबूनही दुसऱ्या चाकाला ओढ मिळते, पण ब्रेकचे लायनर तापतात, त्यामुळे हा उपाय दोन-चार मीटरपुरताच.

चाकांवर वजनच नसेल तर लॉक काय करणार? मागच्या टायरांत व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरा, म्हणजे सुमारे ७५ टक्के. १६.९-२८ टायरात अंदाजे दोनशे लिटर बसतं. सिंगल अॅक्सलची ट्रॉली हुकावर थोडं वजन देते. चारचाकी ट्रॉली जवळपास काहीच देत नाही, राड्यात तीच जास्त छळते. रानातून एकावेळी एकच ट्रॉली काढा, दुसरी पाणंदीवर जोडा.

हाऊसिंगचं पोट चिखलाला टेकलं की लॉकचा उपयोग संपला. ट्रॉली सोडा, चाकांपुढचा चिखल काढा, पाचट दाबून भरा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. चाकाला लाकडाचा ओंडका बांधायची पद्धत अजून दिसते, ती जीवघेणी आहे. चाक अडतं, इंजिनाचा जोर पुढचा भाग उचलतो आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. ओढायची साखळी वरच्या टॉप लिंकच्या (औजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली तरी हाच धोका, ती खालच्या हुकालाच हवी.

देखभाल थोडीच आहे. पेडलच्या रिटर्न स्प्रिंगमध्ये चिखल वाळला की लॉक अर्धवट लागलेला राहतो, म्हणून धुताना तिथे पाणी मारून ग्रीस द्या. दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले ठेवा. हाऊसिंगच्या डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय : तेल बदला आणि सील बघा.

डिसेंबरपर्यंत काळ्या रानातच वाहतूक असेल तर फोर-व्हील ड्राइव्हचे जादा पैसे वसूल होतात. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या मुरमाड तांबड्या रानाला टू-व्हील आणि चालू स्थितीतला लॉक पुरतो.