संगमेश्वर ते रत्नागिरी रोजची ये-जा: दुचाकी की एसटी?

संगमेश्वराहून रत्नागिरीला रोज नोकरीसाठी जाणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी चार वर्षे दुचाकीने ये-जा केली आणि गेली दोन वर्षे एसटीने करतो आहे. पैशांचा हिशेब ज्याचा त्याला करता येतो. मासिक पासामुळे 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवसांचा प्रवास होतो, एवढे सांगितले की पुरे. मला लिहायचे आहे ते प्रवासानंतर मनाची जी अवस्था होते तिच्याविषयी.

दुचाकीचा मोठा गुण म्हणजे मोकळीक. कामावरून निघायला उशीर झाला किंवा घरी कोणी आजारी पडले, तर कोणाची वाट पाहावी लागत नाही. उलट महामार्गाच्या कामामुळे वाहतूक तुंबली की गाडी कुठवर आली असेल या विचाराने थांब्यावर जीव टांगणीला लागतो, आणि ही अनिश्चितता मनाला थकवते, हे मी नाकारणार नाही.

तरीही माझा निर्णय एकाच गोष्टीने झाला: समोरून येणाऱ्या ट्रकांचा अप्पर लाइट. पावसाळ्यात संध्याकाळी निवळी घाट उतरताना हेल्मेटच्या काचेवरचा प्रत्येक थेंब त्या उजेडाने पेटून उठे, दोन-तीन क्षण पुढचे काहीच दिसत नसे, आणि खड्डा नेमका तिथेच असला तर काय, या धास्तीने खांदे आखडून घेतच मी बावनदीच्या पुलापर्यंत येई. त्रास तिथे संपत नसे. घरी रेनकोट वाळत टाकल्यावरही कानांत हॉर्न घुमत राही, मुलीने गणिताची वही पुढे केली की मी तिच्यावर वसकन ओरडत असे, आणि रात्री डोळे मिटले की तोच पांढरा उजेड पुन्हा समोर येई.

एसटीतही घाट तोच आणि खड्डे तेच. पण रस्त्याला डोळे लावून बसण्याचे काम माझे नसते. संध्याकाळची गाडी हातखंब्याचा तिठा ओलांडते तोवर बहुतेक वेळा माझा डोळा लागलेला असतो. एखादा दिवस चुकला तर रोजच्या सहप्रवाशांकडून "काल दिसलात नाय, बरं हाय ना?" अशी चौकशी होते, आणि घराबाहेरही आपली गैरहजेरी कोणाला तरी जाणवते याचा मनाला किती आधार वाटतो, हे मला या दोन वर्षांतच कळले. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे 18,000 नोकरदारांच्या माहितीवरून 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, स्वतः मोटार चालवत कामावर जाणाऱ्यांपेक्षा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य चांगले आढळले होते. तिथला रस्ता आणि पाऊस वेगळा असला, तरी ते वाचून मला नवल वाटले नाही.

ज्यांना रात्री उशिरा सुटी होते किंवा ज्यांची वाडी महामार्गापासून बरीच आत आहे, त्यांना दुचाकी सोडा असे मी सांगणार नाही. ज्यांची वेळ ठरलेली आहे त्यांनी निदान जून ते सप्टेंबर पास काढून पाहावा आणि घरी पोचल्यानंतरचा पहिला अर्धा तास कसा जातो, याकडे लक्ष द्यावे. माझी दुचाकी मी विकलेली नाही. घरापासून बसस्थानकापर्यंतच्या दोन किलोमीटरांसाठी ती पुरते.